वादाचा मुद्दा ओळखणारे न्यायमूर्ती : बद्रुद्दीन तय्यबजी

कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याहून लोकलने मुंबईस जाणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर, रस्त्यापलीकडे उभी असलेली अंजुमन-ए-इस्लामची भव्य दगडी इमारत पाहिली असेल. ही इमारत 1893 साली उघडली, तेव्हा अंजुमनचे अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी. आपली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली ती 16 एप्रिल 1853 रोजी. त्या दिवशी बद्रुद्दीन आठ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. म्हणजे हा मनुष्य आपल्या रेल्वेच्या बरोबरीने वाढला असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे चरित्र पूर्वी अनेकांनी लिहिले आहे. काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष, मुंबई हायकोर्टाचे पहिले मुसलमान न्यायमूर्ती, अंजुमनच्या संस्थापकांपैकी एक, ही माहिती विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. या लेखात मात्र त्यांचा एकच गुण आपणांपुढे ठेवावयाचा आहे, आणि तो निवडण्यास कारण आहे. आपली मुले कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसतात, बँकांच्या व सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धा परीक्षा देतात. त्या परीक्षांत तर्कक्षमतेचे प्रश्न असतात. त्यांतील एका प्रकारात दोन माणसांची बोलणी देतात आणि विचारतात, या दोघांचा मतभेद नेमका कोणत्या मुद्द्यावर आहे? प्रश्न सोपा वाटतो. हुशार मुलेही येथे गुण गमावतात.

एक उदाहरण घ्या. थोरला भाऊ म्हणतो की कॉलेजला जाताना कल्याणहून फास्ट लोकल धरावी, कारण ती लवकर पोहोचते. धाकटा म्हणतो की स्लोच धरावी, कारण कल्याणहूनच सुटणाऱ्या स्लो गाडीत बसावयास जागा मिळते आणि वाटेत वाचन होते. आता मतभेद कशावर? फास्ट गाडी लवकर पोहोचते की नाही यावर? नाही, धाकट्याने ते नाकारलेलेच नाही. स्लो गाडीत जागा मिळते की नाही यावर? थोरला त्याविषयी अवाक्षर बोललेला नाही. कोणती गाडी धरावी, एवढ्यावरच मतभेद आहे. कसोटी अशी की, जो मुद्दा आपण निवडला त्यास एकजण होय म्हणेल आणि दुसरा नाही म्हणेल, आणि तेही दोघांनी जे प्रत्यक्ष सांगितले त्यावरून, असे असावयास हवे. एकाने ज्यावर काहीच सांगितले नाही तो मतभेदाचा मुद्दा होऊ शकत नाही. दोघांनाही जो मान्य आहे तो तर नाहीच. मुले चुकतात ती येथेच. जो विषय अधिक रंगतदार किंवा अधिक भांडणाचा दिसतो, त्यावर ती खूण करून मोकळी होतात.

मोठी माणसे तरी दुसरे काय करतात? जमातीच्या सभेत किंवा दोन कुटुंबांत वर्षानुवर्षे वाद चालतो, आणि वाद कशावर आहे हेच कोणास ठाऊक नसते. बद्रुद्दीन तय्यबजींचे आयुष्य या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म मुंबईत 10 ऑक्टोबर 1844 रोजी झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंभातचे, व्यापारी. वडील मुल्ला तय्यब अली यांनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठविले. ज्या काळात इंग्रजी शाळेचे नाव काढले तरी आपल्याकडे कपाळास आठ्या पडत, त्या काळातील ही गोष्ट आहे. बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू-फारसी शिकले, नंतर एल्फिन्स्टन संस्थेत गेले, आणि 1860 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, विलायतेस रवाना झाले. डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना शिक्षण अर्धवट टाकून घरी यावे लागले, परंतु ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. थोरले बंधू कमरुद्दीन हे त्याआधीच सॉलिसिटर झाले होते. हिंदी माणसांत हा मान त्यांचा पहिला. भावाने भावास कामे मिळवून दिली, आणि पुढे कामेच शोधत येऊ लागली.

वकिली ही मतभेदाचा मुद्दा शोधण्याचीच विद्या होय. कोर्टात दोन्ही पक्ष आपापले म्हणणे लेखी देतात. त्यातून जे दोघांना मान्य ते बाजूस काढतात. एक पक्ष होय म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो असे जे उरते, तेच लेखी मांडून न्यायाधीश त्यावर पुरावा घेतो. आपल्या ठाण्याच्या किंवा कल्याणच्या दिवाणी कोर्टात आजही दावा असाच चालतो, आणि कोर्टाच्या भाषेतही त्याला मुद्दे काढणे असेच म्हणतात. मुद्दे चुकीचे निघाले तर सारा दावा भरकटतो, हे ज्यांनी जमिनीचे खटले लढविले आहेत त्या पालकांना वेगळे सांगावयास नको.

सार्वजनिक जीवनात ही विद्या त्यांच्या कामी आली ती प्रथम 1883 साली, इल्बर्ट बिलाच्या वेळी. त्या वादाचे मूळ आपल्या जिल्ह्याच्या उदाहरणाने चांगले कळते. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत हिंदी मॅजिस्ट्रेट गोऱ्या आरोपीचा खटला चालवू शकत असे. तोच अधिकारी बदली होऊन ठाण्यासारख्या जिल्ह्यात आला की तो अधिकार नाहीसा होई. माणूस तोच, त्याची परीक्षा व योग्यता तीच, फक्त खाडी ओलांडली! बिलाने हा फरक दूर करावयाचा होता. परंतु गोऱ्या रहिवाशांनी कलकत्त्यात जे रान उठविले त्यात हिंदी लोकांच्या चारित्र्यापासून गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूपर्यंत सर्व काही आले, मूळ मुद्दा तेवढा आला नाही. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 28 एप्रिल 1883 रोजी बिलाच्या बाजूने सभा झाली. तीत बद्रुद्दीन, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग बोलले. एक बोहरा, एक पारशी, एक सारस्वत ब्राह्मण. या तिघांनी दोन वर्षांनी, 1885 च्या जानेवारीत, बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. बिल मात्र 1884 मध्ये दुबळे होऊनच संमत झाले. गोऱ्या आरोपीस निम्मे गोरे असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या मतभेदाकडे येऊ.

डिसेंबर 1887 मध्ये मद्रास येथे काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि बद्रुद्दीन त्याचे अध्यक्ष झाले. त्याच आठवड्यात लखनौ येथे सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसविरुद्ध मोठे भाषण केले. एका बाजूस अलिगढ कॉलेजचे संस्थापक, दुसऱ्या बाजूस अंजुमनचे चालक. दोघेही विद्वान, दोघेही समाजाच्या शिक्षणासाठी झिजलेले. सर्वसामान्य मुसलमानाने कोणाचे ऐकावे? बद्रुद्दीन यांनी भाषणास भाषणाने उत्तर देण्याऐवजी पत्रे लिहिली. 1888 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सर सय्यदांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि पुढे अलाहाबादच्या पायोनियर पत्रासही त्यांनी लिहिले.

सर सय्यद यांचा पहिला आक्षेप नावावरच होता. नॅशनल काँग्रेस म्हणजे काय? हिंदुस्थानात निरनिराळ्या धर्मांचे, जातींचे लोक राहतात. ते सारे एक राष्ट्र कसे? जी सभा हिंदुस्थानास एक राष्ट्र समजते ती आपणांस मान्य नाही, मग तिचे रूप कोणतेही असो, असे त्यांचे म्हणणे पडले.

वाचक हो, येथे क्षणभर थांबा आणि परीक्षेतील प्रश्न समजून उत्तर शोधा. दोघांचा मतभेद हिंदुस्थान एक राष्ट्र आहे की नाही यावर होता काय? शंभरातील नव्वद जण होय म्हणतील. आजही पुष्कळ पुस्तकांत तसेच लिहिलेले सापडते. पण बद्रुद्दीन यांनी उत्तरात काय मांडले ते पाहावे. सारा हिंदुस्थान एकजिनसी राष्ट्र आहे असे मानणारा कोणी आपल्या माहितीत नाही, येथे अनेक समाज आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे खास प्रश्न आहेत, हे त्यांनी सरळ मान्य केले. म्हणजे ज्या मुद्द्यावर भांडण पेटले होते, त्यावर दोघांचे उत्तर जवळपास एकच होते. बद्रुद्दीन पुढे म्हणत होते ते एवढेच की काही प्रश्न सर्व समाजांना समान आहेत, कर, नोकऱ्या, कायदे, कौन्सिल यांचे. अशा प्रश्नांपुरते एकत्र बसावे, आणि जो ठराव मुसलमानांना घातक वाटेल त्यास बाहेर राहून नव्हे, आत राहून विरोध करावा.

दोघांना आणखीही एक गोष्ट मान्य होती, ती म्हणजे मुसलमान इंग्रजी शिक्षणात मागे पडले आहेत. मागे पडले नसते तर एकाने 1875 मध्ये अलिगढला शाळा काढून तिचे कॉलेज केले नसते आणि दुसऱ्याने आपल्या भावाबरोबर व इतर सोबत्यांबरोबर 1874 मध्ये अंजुमन उभी करून 1880 मध्ये मुंबईत शाळा सुरू केली नसती. मतभेद होता तो त्यापुढील पायरीवर. मागे पडलेल्या समाजाने सर्वांबरोबर एका सभेत बसावे की आधी स्वतः शिकून तयार व्हावे आणि तोवर दूर राहावे? सर सय्यद दूर राहा म्हणत होते, बद्रुद्दीन बसा म्हणत होते. होय आणि नाही यांची गाठ पडते ती येथे.

मुद्दा सापडल्यावर बद्रुद्दीन यांनी त्यावर तोडगाही काढला, आणि तो त्यांच्या वकिली बुद्धीस शोभणारा होता. काँग्रेसमधील हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधी एकमताने वा जवळजवळ एकमताने ज्या विषयास हरकत घेतील, तो विषय चर्चेस घेऊ नये, असा नियम करावा हे त्यांनी काँग्रेसचे चिटणीस ह्यूम यांस सुचविले. 1888 च्या डिसेंबरात अलाहाबादच्या अधिवेशनात तो तेरावा ठराव म्हणून मंजूर झाला.

मग सर सय्यद यांचे समाधान झाले का? झाले नाही, आणि त्यात केवळ हट्ट होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. सर सय्यदांची खरी भीती काँग्रेसच्या मांडवातील मतांची नव्हती. उद्या कौन्सिलांत निवडून आलेले सभासद बसू लागले तर जिकडे लोकसंख्या अधिक तिकडे जागा अधिक, हा हिशेब त्यांनी लखनौच्या भाषणातच घातला होता. बद्रुद्दीन यांचा नियम काँग्रेसच्या सभेपुरता होता. कौन्सिलात तो कोण लागू करणार? शिवाय त्या ठरावास एक शेपूट होते. ज्या विषयांवर काँग्रेसने पूर्वीच निश्चित मत दिले आहे, त्यांस हा नियम लागू नव्हता. कौन्सिलांत लोकनियुक्त सभासद असावेत हे मत तर काँग्रेसने 1885 सालच्या पहिल्याच अधिवेशनात दिलेले होते! म्हणजे ज्या विषयाची सर सय्यदांना सर्वांत अधिक चिंता होती, नेमका तोच नियमाच्या बाहेर राहिला. बद्रुद्दीन यांनी वादातील पुष्कळसा धुरळा दूर केला हे खरे. परंतु धुरळ्याखाली जो दगड होता तो तसाच राहिला.

त्यांना स्वतःस हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. अलाहाबादच्या अधिवेशनापूर्वी, 1888 च्या ऑक्टोबरात, त्यांनी ह्यूम यांस एक विलक्षण पत्र लिहिले. मुसलमान समाज मोठ्या बहुमताने काँग्रेसच्या विरोधात गेला आहे. तो बरोबर असो की चूक, त्याचा विरोध असताना ही सभा सर्वांची राहत नाही. म्हणून निदान पाच वर्षे अधिवेशने स्थगित ठेवावीत, असे त्यांनी सुचविले. आदल्याच वर्षी जे अध्यक्ष होते त्यांनी आपलीच सभा बंद ठेवा म्हणावे! काहींनी यास माघार म्हटले. परंतु पाहा, त्यांची भूमिका मुळातच अशी होती की समान प्रश्नांपुरती सर्व समाजांची ही सभा आहे. एक मोठा समाज बाहेर पडला तर त्या भूमिकेचा पायाच निघतो. स्वतःच्या युक्तिवादाचा शेवट स्वतःस अडचणीचा ठरला तरी तो मान्य करणे, याला प्रामाणिकपणा म्हणावयास हवे. ह्यूम यांनी सूचना मानली नाही आणि अधिवेशने भरत राहिली.

1895 साली बद्रुद्दीन हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांनी त्यांच्यापुढे जे प्रकरण आले ते महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावे. पुण्यास प्लेगाचा कहर, 22 जून 1897 ची रँडवरील गोळी, आणि केसरीतील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. टिळकांना 27 जुलै रोजी मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तोही त्या वेळी नामंजूर झाला. खटला सेशन्सकडे गेल्यावर 4 ऑगस्ट रोजी बॅरिस्टर दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला.

त्या दिवसांत बाहेर सारा कोलाहल टिळक दोषी की निर्दोषी यावर होता. इंग्रजी पत्रे एक बोलत, मराठी पत्रे दुसरे. न्या. तय्यबजींनी त्या प्रश्नास हातच लावला नाही, कारण तो त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. जामिनाच्या अर्जावर प्रश्न एकच : हा आरोपी खटल्याच्या दिवशी कोर्टात हजर राहील की नाही? टिळकांसारखा मनुष्य पळून जाईल असे मानावयास कारण नाही. उलट जामीन नाकारून त्यांना महिनाभर कोठडीत ठेवले आणि पुढे ते निर्दोष ठरले, तर तो अन्याय भरून काढता येणार नाही. म्हणून जामीन मंजूर! सरकारी नोकरीतील एका मुसलमान न्यायमूर्तीने, सरकारचा संताप शिगेस पोहोचलेला असताना, हा हुकूम दिला. पुढे सप्टेंबरात खटला दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे चालला. ज्यूरीतील सहा गोऱ्यांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी लोकांनी निर्दोषी, आणि टिळकांस दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या निकालाने जामिनाचा हुकूम चुकीचा ठरत नाही, कारण दोहोंतील प्रश्नच वेगळे होते. टिळक जामिनावर सुटले होते आणि खटल्यास हजर राहिले होते. गंमत अशी की 1897 मध्ये जामीन मागणारे तेच दावर पुढे न्यायमूर्ती झाले, आणि 1908 मध्ये टिळकांचा जामीन त्यांनीच नाकारला.

1902 साली बद्रुद्दीन यांनी काही काळ मुख्य न्यायमूर्तींचे काम पाहिले. मुंबईत तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पण आपल्या समाजाच्या दृष्टीने 1903 चे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. सर सय्यद यांनी स्थापन केलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन त्या वर्षी मुंबईत भरले आणि अध्यक्षपद बद्रुद्दीन यांजकडे आले. सर सय्यद 1898 मध्ये अल्लाला प्यारे झाले होते. ज्यांच्याशी पंधरा वर्षांपूर्वी पत्रांतून झुंज झाली, त्यांच्याच संस्थेच्या खुर्चीवर ते बसले. राजकीय मत त्यांनी बदलले नव्हते, आणि शिक्षणाच्या कामात तर मतभेद कधी नव्हताच. तेथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेतला आणि पडद्याच्या कडक रूढीविरुद्धही बोलले. हे निव्वळ भाषण नव्हते. त्यांच्या स्वतःच्या मुली शाळेत शिकल्या होत्या. आजच्या पालकांना यात विशेष काही वाटणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र आपल्याच नातेवाइकांचे टोमणे सोसून हे करावे लागे.

मुलांना शिकविताना या चरित्राचा उपयोग कसा करावा, असे काही शिक्षक विचारतील. दोन माणसांची मते वर्तमानपत्रातून कापून मुलांपुढे ठेवावीत. प्रथम दोघांना मान्य असलेल्या गोष्टी वहीच्या एका बाजूस लिहावयास सांगाव्यात. नंतर ज्यांवर एकच जण बोलला आहे त्या दुसऱ्या बाजूस. राहिलेल्या मोकळ्या जागेत बहुतेक वेळा एकच वाक्य मावते. घरात मुलाच्या शाळेच्या माध्यमावरून आई-वडिलांत वाद असेल तर हाच प्रयोग पालकांनी स्वतःवर करून पाहावा. मुलाने उर्दू विसरू नये हे दोघांनाही हवे असते आणि त्यास इंग्रजी यावे हेही दोघांनाच हवे असते, असे पुष्कळदा आढळते. भांडण असते ते शाळा घरापासून लांब आहे की नाही, किंवा फी झेपेल की नाही, यावर.

19 ऑगस्ट 1906 रोजी, रजेवर लंडनला असताना, हृदयविकाराने बद्रुद्दीन तय्यबजी यांचा इंतकाल झाला. त्यांचे पार्थिव मुंबईस आणून येथेच दफन करण्यात आले. त्यानंतर चार महिन्यांनी ढाक्यास मुस्लिम लीगची स्थापना झाली, आणि 1909 च्या कायद्याने कौन्सिलांसाठी मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ आले. 1888 च्या पत्रांत जो प्रश्न सुटला नव्हता, तो अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात गेला. त्याला उत्तर देण्यास तेव्हा सर सय्यद नव्हते आणि बद्रुद्दीनही नव्हते.